चौतीस पूर्णांक सहा

१४ सप्टेंबर

भाऊजींस नमस्कार.

आज दिवसभर ढग. कमाल एकवीस पूर्णांक चार, किमान बारा पूर्णांक शून्य. पाऊस नाही. तापमापकांच्या पेटीचं दार बिजागरीत अडकत होतं, त्याला तेल घातलं. दुपारी टपालबाईंनी तुमचं पत्र आणून दिलं. पाच वाजता नोंद घेतली, आता उत्तर लिहायला बसले आहे.

तुमची बदली जुन्या नोंदींच्या शाखेत झाली हे वाचून बरं वाटलं. जिने चढायचा त्रास वाचला.

आठ दिवस राहायला कधी येता, असं विचारलंत. भाऊजी, नोंद रोज असते. रोज पाचला इथं असावंच लागतं. बदली माणूस मागितला की ऑफिसातून उत्तर येतं, दिवसातून एका नोंदीसाठी माणूस कुठून आणायचा. हे होते तेव्हा दोघांपैकी एकाला जाता यायचं. लेकीच्या बाळंतपणाला मला जाता आलं नाही, ते ती अजून बोलून दाखवते. बाळ आता चालायला लागलं आहे. मी फोटोत पाहिलं.

तक्रार नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. तब्येत ठीक आहे. थंडी पडली की गुडघा कुरकुरतो, एवढंच.

वहिनी


२३ सप्टेंबर

ती. वहिनी,

पत्र मिळालं. घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. ही म्हणाली, "जाऊबाईंनी किमान तापमान कळवलं, पण स्वतःचं काही कळवलं नाही." मी म्हटलं, गुडघा आहे की. त्यावर ती म्हणाली, तोही हवामानातच मोडतो.

आता खरी बातमी. आमचे साहेब पुस्तक काढतायत. गेल्या पन्नास वर्षांत शरद ऋतूत हवेनं जेव्हा जेव्हा ताळतंत्र सोडलं, त्या सगळ्याची नोंद एका जागी. लवकर पडलेलं बर्फ, शाळांची छपरं उडवणारी वादळं, न थांबणारे पाऊस. साहेबांना आम्ही मागून दशांशसाहेब म्हणतो. नुसतं 'बावीस' म्हटलं तर त्यांना ऐकू येत नाही. 'बावीस पूर्णांक शून्य' म्हटलं की मान वर करतात. तुमचं पत्र त्यांना दाखवलं तर तुम्हाला दत्तक घेतील.

तर मी वार्षिक गोषवारे चाळत होतो आणि आपल्याच हवामान केंद्राशी येऊन थांबलो. सहा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. 'कमाल तापमान तिसाच्या वर गेलेले दिवस : दहा, सलग.' ऑक्टोबरात सलग दहा दिवस! पन्नास वर्षांत कुठल्याही केंद्रावर असं झालेलं नाही. साहेब खुर्चीतून उठले. ते सहसा उठत नाहीत.

महिना कोणता ते तुमच्या लक्षात आलंच असेल. दादा गेले तोच. तक्त्यावर निरीक्षक म्हणून त्यांचंच नाव आहे, कारण महिन्याची सुरुवात त्यांनी केली होती. साहेबांनी ठरवलंय, पुस्तकाचं पहिलं पान याचंच. केंद्राचा फोटो आणि खाली दादांचं नाव. बावीस वर्षं माणूस रोज त्या पेटीपर्यंत गेला आणि आला, कोणी विचारलं नाही. आता निदान छापून तरी येईल.

दादांचा पेटीपाशी उभा असलेला एखादा फोटो असला तर पाठवा.

धाकटा


२९ सप्टेंबर

भाऊजींस नमस्कार.

आज वारा होता. कमाल एकोणीस पूर्णांक दोन.

फोटो शोधते. ह्यांना फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही, त्यामुळे सापडेलच असं सांगता येत नाही.

त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. पहिल्या पानासाठी दुसरं काही नाही का? बर्फाचं वर्ष घ्या. लेक तेव्हा शाळेत होती. सप्टेंबर संपायच्या आत बर्फ पडलं, झाडांची पानं अजून हिरवी होती. पानांवर बर्फ साचलं आणि त्या ओझ्यानं फांद्या मोडायला लागल्या. दुपारभर एकेक फांदी मोडत होती. आम्ही खिडकीत बसून आवाज ऐकत होतो. ह्यांना बर्फ मोजायची पट्टी सापडेना, कारण ती हिवाळ्याच्या सामानात माळ्यावर होती. मग माझी शिवणाची पट्टी घेऊन गेले. चोवीस सेंटिमीटर भरलं. ती पट्टी ऑफिसची नाही, असा शेराही त्यांनी तक्त्यात लिहिला. ती नोंद अगदी नीट आहे. ती पहिल्या पानावर शोभेल.

वहिनी


८ ऑक्टोबर

ती. वहिनी,

शिवणाच्या पट्टीचा शेरा सापडला. सगळ्या शाखेनं वाचला. बर्फाला चौथं पान मिळालंय, पण पहिलं पान काही हलत नाही. साहेब त्या उन्हाळी ऑक्टोबरच्या प्रेमात पडलेत.

मीही गेले काही दिवस तोच विचार करतोय. मी तेव्हा तेरा तारखेला आलो आणि सतराला परत गेलो. त्या चार दिवसांत मला सारखी थंडी वाजत होती. तुम्ही कपाटातून दादांचा राखाडी स्वेटर काढून दिलात, तो मी झोपतानाही काढला नाही. इतकी वर्षं मी समजत होतो, हवाच तशी असणार. आता कागदावर बघतो तर तिसाच्या वर. हिला सांगितलं तर म्हणाली, घरचं माणूस गेलं की अंगात हुडहुडी भरते, तिच्या वडिलांच्या वेळी तिलाही भरली होती. तसंच असेल. भर उन्हाळ्यात मी स्वेटर घालून बसलो होतो आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. तुम्ही मात्र रोज पाचला अंगावर काही न घेता पेटीकडे जात होतात, ते आठवतं.

जुन्या दप्तरातून मूळ तक्ता मागवलाय. रोजचे आकडे त्यातच मिळतील, गोषवाऱ्यात नुसते दिवस मोजलेले असतात. फोटोचं बघा.

धाकटा


११ ऑक्टोबर

भाऊजींस नमस्कार.

आकाश स्वच्छ. कमाल अठरा पूर्णांक एक. आज सहा वर्षं झाली.

फोटो एकच मिळाला, त्यात ते पाठमोरे आहेत. तो पाठवत नाही.

मूळ तक्ता यायला किती दिवस लागतात?

वहिनी


१९ ऑक्टोबर

ती. वहिनी,

हे पत्र लिहायला दोन दिवस चालढकल केली.

तक्ता आला. अकरा ऑक्टोबर, कमाल चौतीस पूर्णांक सहा. बारा ऑक्टोबर, चौतीस पूर्णांक सहा. तेरा, चौदा, थेट वीसपर्यंत चौतीस पूर्णांक सहा. दशांशासकट दहा दिवस एकच आकडा. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि लगेच तुमच्यापासून बारा किलोमीटरवरच्या दूधकेंद्राचा तक्ता काढायला लावला, तेही रोज तापमान नोंदवतात. तिथं अकराला तेहतीस पूर्णांक नऊ आहे, म्हणजे तो एक दिवस खरोखरच विलक्षण तापला होता. बाराला मात्र तेरा पूर्णांक आठ. वारा फिरला आणि हवा एकदम उतरली. पुढं सगळे दिवस बारा-तेराच्या आसपास.

साहेबांचं म्हणणं, कमाल तापमापकाचा पारा अडकला असणार. यंत्र कधीपासून नादुरुस्त होतं ते कळायला मार्ग नाही. त्याची तपासणी एप्रिलात झाली होती, तेव्हा एप्रिलपासूनच्या सगळ्या नोंदी रद्द. आणि तक्त्यावर शेरा : 'निरीक्षकाकडून यंत्राची देखभाल झाली नाही.' तक्त्यावर निरीक्षक कोण, तर दादा. मी बोलायला गेलो, तर मला म्हणाले, तुम्ही घरचे आहात, तुम्ही यात बोलू नका.

बऱ्याच खटपटीनं त्यांना एका गोष्टीवर राजी केलंय. सोबत छापील फॉर्म आहे. 'अकरा ऑक्टोबर रोजी यंत्र नादुरुस्त झाले व एकवीस रोजी पूर्ववत झाले' एवढंच त्यात आहे. तेव्हा नोंदी तुम्हीच घेत होतात, म्हणून सही तुमची. ती मिळाली की फक्त दहा दिवस रद्द होतील, एप्रिलपासूनच्या बाकी नोंदींना हात लागणार नाही, शेराही नाही. अकराची नोंद त्यात जाईल, पण एका दिवसाचं काय एवढं.

दुसरं काही लिहू नका. यंत्र बरं होतं आणि नोंद घेणाऱ्याकडून चूक झाली असं निघालं, तर नियमाप्रमाणे नेमणूक जाते आणि नेमणुकीबरोबर राहतं घरही. सही करा आणि उलट टपाली पाठवा.

धाकटा


२९ ऑक्टोबर

ती. वहिनी,

दहा दिवस झाले, उत्तर नाही. काल न राहवून टपालघरात फोन केला. टपालबाई म्हणाल्या, "पाकीट मी स्वतः हातात दिलंय. तब्येत ठणठणीत आहे, रोज पाचला पेटीपाशी दिसतात. पत्र पोचवणं आमच्याकडे, उत्तर लिहून घेणं नाही."

पाच नोव्हेंबरला मजकूर छापखान्यात जातो. त्याआधी फॉर्म नाही आला तर साहेब एप्रिलपासूनचं सगळं काढून टाकतील. एक सही, वहिनी.

धाकटा


३१ ऑक्टोबर

भाऊजींस नमस्कार.

आज पाऊस, चार मिलिमीटर. कमाल अकरा पूर्णांक पाच.

फॉर्म परत पाठवते आहे. सही केलेली नाही. यंत्र बिघडलं नव्हतं.

हे पत्र साहेबांना दाखवलंत तरी चालेल, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

कमाल तापमापकाचा पारा चढतो, पण आपोआप उतरत नाही. ताप बघायच्या थर्मामीटरसारखाच असतो. वाचून झाल्यावर झटकून खाली आणावा लागतो, तरच दुसऱ्या दिवशी नवा आकडा मिळतो. ह्यांची पद्धत ठरलेली होती. पाचला जायचं, वाचायचं, आत येऊन महिन्याच्या तक्त्यात पेन्सिलीनं लिहायचं. परत जाऊन ताडून बघायचं. बरोबर असलं की पारा झटकायचा आणि आत येऊन त्याच आकड्यावर शाई फिरवायची. मी हसायचे. म्हणायचे, वीस पावलांत आकडा विसरतो का कोणी. ते म्हणायचे, मी विसरत नाही, पण मी विसरलो नाही हे मला कोण सांगणार.

अकरा तारखेला खूप उकडत होतं. खिडक्या उघड्या होत्या. ते पाचला बाहेर गेले, आत आले, म्हणाले, "चौतीस पूर्णांक सहा. विश्वास बसत नाही." पेन्सिलीनं लिहिलं. मग खुर्चीत बसले. एरवी लिहिताना ते बसत नसत. मी पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा पेन्सिल खाली पडली होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता घरात माणसं होती. नोंद चुकायला नको म्हणून मी उठून गेले. हवा गार झाली होती. पेटी उघडली तर पारा चौतीस पूर्णांक सहावर. त्यांना परत येऊन झटकायचा राहिला होता. ते बघून गेले होते आणि त्यांनी बघितलं तिथंच तो होता. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. आत येऊन पेन्सिलीनं लिहिलं, परत जाऊन ताडून बघितलं, शाई फिरवली. सगळं रीतसर केलं. फक्त झटकलं नाही.

मग रोज तेच. तुम्ही आलात तेव्हाही. तुम्हाला थंडी वाजत होती ती खरी होती. मला कळत होतं. मी स्वेटर काढून दिला, पण कारण सांगितलं नाही. मी वेडी झाले नव्हते. नोंद खोटी होते आहे, हे मला रोज लिहिताना कळत होतं. पारा खाली आणला की अकरा तारीख संपणार, असं काहीसं वाटायचं. याहून नीट मला सांगता येत नाही.

एकवीसला सकाळी पक्ष्यांसाठी ठेवलेल्या ताटलीतलं पाणी गोठलं होतं. एक पक्षी बर्फावर उभा राहून चोच मारत होता. संध्याकाळी पेटी उघडली, पारा चौतीस पूर्णांक सहावर. तेव्हा लाज वाटली. झटकला. पारा तीन झटक्यांत उतरतो, मला सात लागले.

बारा ते वीस या नऊ नोंदी रद्द करा. त्या माझ्या आहेत. अकराची करू नका. ती ह्यांनी स्वतः वाचून लिहिलेली आहे, त्यांच्या हातची शेवटची. तुम्ही म्हणालात, एका दिवसाचं काय. फॉर्मवर सही करायला मी चार वेळा बसले. सही केली असती तर त्या एका दिवशी त्यांनी जे बघितलं ते त्यांनी बघितलंच नाही, असं झालं असतं.

सहा वर्षं हे कोणाला सांगितलं नाही. इथून हलले नाही त्याचं हेही एक कारण होतं. दुसऱ्या कोणी जुन्या वह्या उघडल्या तर, अशी भीती असायची.

घराचा नियम मला माहीत आहे.

वहिनी


९ नोव्हेंबर

ती. वहिनी,

पत्र चार तारखेला मिळालं, ऑफिसच्या जिन्यात उभ्यानं वाचलं. दुपारपर्यंत खिशात ठेवलं. फाडून टाकावं आणि तुमची सही आपणच करावी, हेही मनात आलं. लपवत नाही.

मग साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मूळ तक्ता खिडकीशी नेला आणि तिरका धरून बघितला. म्हणाले, अकराचा आकडा पेन्सिलीचा आहे, त्यावर शाई नाही. आम्ही इतक्या जणांनी तो तक्ता हाताळला, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला विचारलं, "ताडून बघितलेला नाही ना हा?" मी म्हटलं, नाही. त्यावर म्हणाले, दूधकेंद्राच्या तेहतीस पूर्णांक नऊनं ताडला असं धरू.

तर नऊ नोंदी रद्द. अकरा ऑक्टोबर राहिला, पन्नास वर्षांतला शरदातला सर्वांत उष्ण दिवस म्हणून. पहिलं पान गेलं, ते बर्फाला मिळालं. दादा तिसऱ्या पानावर आहेत. एप्रिलपासूनच्या नोंदी शाबूत, शेरा नाही. कच्चं पान सोबत आहे.

आता दुसरं. नियम साहेबांना मोडता आला नाही, त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. तीस नोव्हेंबरला तुमची नेमणूक संपते. घर पंधरा डिसेंबरपर्यंत. आपोआप नोंद घेणारं यंत्र बसवतील.

वहिनी, रागावून लिहीत नाही, पण लिहितो. चार दिवस मी तिथं होतो. एका टेबलाशी बसून जेवलो. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी स्वतः जाऊन तो पारा झटकला असता. किंवा नसता झटकला. तुमच्याबरोबर उभा तरी राहिलो असतो.

हिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, खोली झाडून ठेवते.

धाकटा


१ डिसेंबर

भाऊजींस नमस्कार.

आज हवा कशी होती ते लिहीत नाही. खिडकीतून बघितली, मोजली नाही.

कच्चं पान मिळालं होतं. नाव बरोबर आहे, आकडा बरोबर आहे. उत्तराला उशीर झाला.

काल तंत्रज्ञ आला होता. पेटी उखडून नेली, तापमापक कापसात गुंडाळून नेले. त्या जागी खांब रोवला, वर पांढरा डबा आहे. मी विचारलं, हे कोण झटकणार. तो म्हणाला, "बाई, याला झटकावं लागत नाही, भरवावं लागत नाही, आणि हे सुट्टीही मागत नाही." मी म्हटलं, सुट्टी मीही मागितली नाही. त्यावर तो हसला. मग पेटी नेल्याच्या कागदावर माझी सही घेतली.

तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. सांगायला हवं होतं. तुमच्याबरोबर असताना ते दोन-तीनदा ओठांवर आलं होतं. तुम्ही त्यांच्यासारखेच पाठ वळवून कपडे घडी करत होतात, म्हणून राहिलं.

बारा तारखेला लेकीकडे जाते. नंतर तुमच्याकडे येईन. जाऊबाईंना सांगा, खोलीत फार काही करू नका. लेकीनं फोनवर विचारलं, किती दिवस राहशील. आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. सकाळी जाऊन पाचच्या आत परत, एवढंच मला येतं.

आज पाचच्या पाऊण तास आधीच मागच्या दाराशी जाऊन उभी होते. दार उघडलं, बंद केलं. परत बसले, परत उठले. सामान बांधायचं आहे, पण या वेळी बांधायला सुचत नाही. या वेळी काय करतात लोक, ते मला माहीत नाही.

ओल्या केसांनी थंडीत बाहेर जावं लागेल म्हणून इतक्या वर्षांत मी संध्याकाळी कधी न्हाले नाही. आत्ता पाणी तापत ठेवलं आहे. भांड्यावरचं झाकण वाजायला लागलं. पत्र इथंच ठेवते.

न्हाऊन आले. साडेपाच झाले आहेत. टेबलाशी बसून केस पुसते आहे.

वहिनी